अंदमानच्या बंदिवासाची आत्मकथने : ‘टिंडाल’ या शब्दाच्या निमित्ताने

१

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ‘तांडेल’ हा शब्द अद्याप नित्याच्या बोलण्यात आहे. होडीवरील खलाशांचा जो प्रमुख, जाळे कोठे टाकावयाचे आणि केव्हा परतावयाचे याचा निर्णय ज्याच्याकडे असतो, तो तांडेल. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य याच परिसरात असल्यामुळे हा शब्द कानांवरून जात असे. परंतु त्याकडे लक्ष वेधले गेले ते एका निराळ्याच कारणाने. विनायक दामोदर सावरकर यांचे ‘माझी जन्मठेप’ हे आत्मकथन पदव्युत्तर वर्गास शिकवीत असताना त्यातील ‘टिंडाल’ या शब्दाचा अर्थ एका विद्यार्थ्याने विचारला. अंदमानच्या बंदीशाळेत कैद्यांवर नेमलेला जो कैदी-अधिकारी, त्याची ही एक पायरी, एवढे उत्तर त्या वेळी दिले गेले. घरी येऊन कोश पाहिल्यावर ध्यानी आले की किनाऱ्यावरील तांडेल आणि बंदीशाळेतील टिंडाल हे मूळचे एकच होत.

या एका शब्दाचा माग घेत गेल्यास बंदिवासातून जिवंत परतलेल्या माणसांच्या लेखनासंबंधी काही मूलभूत प्रश्न उभे राहतात. परतलेला माणूस कोणत्या भाषेत सांगतो? ‘आम्ही’ म्हणताना तो कोणाकोणाला त्यात धरतो? आणि जे परतले नाहीत, अथवा परतूनही ज्यांनी एक ओळ लिहिली नाही, त्यांच्या वतीने बोलण्याचा त्याचा अधिकार कितपत मानावयाचा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार मुख्यतः अंदमानच्या आत्मकथनांच्या आधारे करावयाचा आहे. युरोपातील छळछावण्यांतून वाचलेल्यांचे लेखन तुलनेसाठी घेतले आहे.

या तुलनेची मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. अंदमानची बंदीशाळा आणि ऑश्विट्झची छावणी या एका जातीच्या संस्था नव्हेत. पहिलीत न्यायालयाने शिक्षा ठोठावलेले कैदी होते; त्यांच्याकडून कष्ट करवून घेणे आणि त्यांचा बाणा मोडणे हा तिचा हेतू होता. दुसरीत माणसे कोणत्याही अपराधावाचून, केवळ जन्मामुळे आणली गेली, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत त्यांचा नाश हाच हेतू होता. ही दोन दुःखे एका तराजूत घालण्याचा येथे उद्देश नाही. तुलना करावयाची आहे ती दुःखांची नव्हे, तर त्यांविषयी लिहिण्याच्या रीतींची.

२

प्रथम साधनांचा विचार करू. अंदमानात कैद्यांची वसाहत १८५८ मध्ये, म्हणजे उठावाच्या पाठोपाठ स्थापन झाली. पोर्ट ब्लेअर येथील सेल्युलर जेलची इमारत १८९६ ते १९०६ या दशकात उभी राहिली. मध्यभागी एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघणाऱ्या सात तीनमजली इमारती, अशी तिची रचना होती. एका इमारतीच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे असे. त्यामुळे सुमारे सातशे कोठड्यांपैकी कोणत्याही कोठडीतील माणसास समोर दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसू नये अशी तजवीज होती.

अलीपूर बाँबकटातील बंगाली राजबंदी येथे १९०९ च्या अखेरीस आले. गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर त्यांच्या मागोमाग आले, आणि पन्नास वर्षांची शिक्षा झालेले विनायकराव ४ जुलै १९११ रोजी दाखल झाले. १९१९ च्या अखेरच्या शाही घोषणेनंतर बंगाली राजबंद्यांपैकी अनेक सुटले. सावरकर बंधूंस १९२१ मध्ये हिंदुस्थानातील तुरुंगांत हलविण्यात आले.

यानंतर अवघ्या सहासात वर्षांत या एकाच बंदीशाळेविषयी आत्मकथनांची एक मालिका प्रसिद्ध झाली. उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय यांचे बंगालीतील ‘निर्वासितेर आत्मकथा’ १९२१ मध्ये आले. बारींद्रकुमार घोष यांचे इंग्रजी पुस्तक १९२२ मध्ये आणि उल्लासकर दत्त यांचे बारा वर्षांच्या कारावासावरील पुस्तक १९२४ मध्ये निघाले. ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाले; १९३४ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. एकाच वास्तूविषयी, एकाच कालखंडाविषयी, परस्परांस ओळखणाऱ्या चार माणसांनी दोन-तीन भाषांत लिहिलेली ही साधने आहेत. इतिहासाच्या अभ्यासकास असा योग क्वचितच लाभतो, आणि तरीही आपल्याकडे ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात नाही. मराठी वाचक सावरकर वाचतो, बंगाली वाचक उपेंद्रनाथ वाचतो.

ही पुस्तके एकाच सुरात बोलत नाहीत. उपेंद्रनाथांचे लेखन विनोदासाठी प्रसिद्ध आहे. बंदीशाळेच्या अन्नापासून अधिकाऱ्यांच्या डौलापर्यंत सर्व गोष्टींकडे ते मिश्कीलपणे पाहतात. बारींद्रांचा कल आत्मपरीक्षणाकडे आहे. उल्लासकरांनी स्वतःच्या मनोभ्रंशाचा काळ सांगण्याचे असाधारण धैर्य दाखविले. सावरकरांचे निवेदन वक्त्याचे आहे. त्यात प्रसंग आहेत, वाद आहेत, प्रतिपक्षाला दिलेली उत्तरे आहेत. चौघांनीही एकच कोलू पाहिला. परंतु विनोदी माणसाचा कोलू आणि वक्त्याचा कोलू एक नव्हे, आणि या फरकाला असत्य म्हणता येत नाही.

३

आता शब्दांकडे वळू. बंदीशाळेची म्हणून एक बोली तयार झालेली होती. कोलू, छिलका, दंडाबेडी, वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार, चलान हे तीतील काही शब्द. त्यांत हिंदुस्थानी आहे, इंग्रजी आहे, लष्करी आहे आणि दर्यावर्दीही आहे. पंजाबी, पठाण, बंगाली, मद्रासी, मराठी अशा सर्व कैद्यांना ती शिकावीच लागे. कारण हुकूम त्याच बोलीत सुटत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सावरकर हे भाषाशुद्धीचे आग्रही पुरस्कर्ते. परकीय शब्दांस त्यांनी सुचविलेल्या प्रतिशब्दांपैकी कित्येक आज आपण सहज वापरतो. हे आंदोलन आणि ‘माझी जन्मठेप’ हे लेखन ही दोन्ही रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्याच वर्षांतील. असे असूनही बंदीशाळेची बोली या पुस्तकात टिकून राहिली आहे. ‘कोलू’ला मराठीत ‘घाणा’ हा उत्तम शब्द हाताशी असता ‘कोलू’ राहिला. याचे कारण केवळ सवय नसावे. घाणा म्हटले की गावातील तेल्याचा घाणा, त्याभोवती फिरणारा बैल, एका कुटुंबाची उपजीविका असे सारे डोळ्यांसमोर येते. अंदमानात बैलाच्या जागी माणूस होता, आणि दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून देण्याचा दंडक होता. ती वस्तू घाणा नव्हेच. परक्या वस्तूस परका शब्द हीच तेथे यथार्थ भाषा होती. अतिपरिचित शब्द योजला असता तर वाचकास ती वस्तू ओळखीची वाटली असती, आणि तेथेच साक्षीचे बळ उणे झाले असते.

प्रिमो लेव्ही या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने अगदी समांतर निरीक्षण केले आहे. तो १९४४ च्या आरंभी ऑश्विट्झला नेला गेला आणि १९४५ च्या जानेवारीत वाचला. छावणीतील जर्मन ही पुस्तकांतील जर्मन नव्हती, असे तो सांगतो. माणसाच्या खाण्यासाठी जर्मनमध्ये ‘एसेन’ हे क्रियापद आहे आणि जनावराच्या खाण्यासाठी ‘फ्रेसेन’. छावणीत दुसरेच चाले, आणि स्वतः कैदीही ते वापरू लागले होते. या ठिकाणी मराठी वाचकास ‘कोलूला जुंपणे’ या प्रयोगाची आठवण व्हावी. ‘जुंपणे’ हे क्रियापद बैलाचे. माणसासाठी ते एरवी आपण लाक्षणिक अर्थाने वापरतो : अमका कामाला जुंपला, असे सहज म्हणतो. अंदमानच्या संदर्भात तेच क्रियापद पुन्हा आपल्या वाच्यार्थावर येते. लक्षणेचा वाच्यार्थ होणे, ही बंदिवासाच्या भाषेतील एक व्यापक घटना आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

‘टिंडाल’ हा शब्द मात्र याहून अधिक काही सांगतो. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचे मूळ मल्याळम व तेलुगुकडे दाखविले असून मराठीतील ‘तांडेल’ त्याच कुळातला मानला आहे. जहाजावर सारंगाच्या हाताखाली खलाशांच्या तुकडीचा जो नायक, तो टिंडाल. मग हा दर्यावर्दी शब्द तुरुंगात कसा आला? याचे उत्तर मलायाच्या किनाऱ्यावर मिळते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील हजारो कैदी पिनांग, मलाक्का व सिंगापूर येथे पाठविले जात. तेथे पहारेकऱ्यांचा खर्च वाचविण्यासाठी कैद्यांतूनच मुकादम निवडण्याची पद्धत पडली, आणि त्यांना टिंडाल म्हणत. तेथील एक अधिकारी मॅकनेअर याने १८९९ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले. कैदी हेच आपले पहारेकरी, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे, आणि त्या शीर्षकात अभिमान आहे. हीच पद्धत अंदमानात रुजली. ‘पेटी ऑफिसर’ ही संज्ञाही आरमाराचीच आहे, हे येथे नमूद करावे.

शब्दाच्या या प्रवासात अर्थाचा जो पालट झाला, तो महत्त्वाचा आहे. तांडेल हा होडीवरील माणसांचा पुढारी खरा, परंतु वादळ आले तर तो त्यांच्यासहच बुडतो. टिंडाल हा मात्र इतरांपासून फोडून काढलेला कैदी. इतरांच्या कष्टांचे माप घेणे, हे त्याच्या स्वतःच्या सवलतीचे मोल असे. आत्मकथनांतून जेलर बारी जितका दिसतो, त्याहूनही अधिक हा मधला माणूस दिसतो. कारण हुकूम बारीचा असला तरी काठी त्याची असे.

लेव्हीने १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटल्या पुस्तकांपैकी एकात या मधल्या माणसाचा विचार केला आहे. पीडक आणि पीडित यांच्या मधील या प्रदेशास त्याने ‘करडा प्रदेश’ म्हटले. पीडित सारे सज्जन आणि पीडक सारे निराळ्याच मातीचे, हा समज सोयीचा असला तरी खरा नाही, असा त्याचा आग्रह आहे. मधल्या माणसाचा न्याय करण्याची घाई करू नये, त्याला तेथे नेऊन बसविणाऱ्या व्यवस्थेचा अपराध प्रथम पाहावा, असे तो बजावतो. तादेऊश बोरोव्स्की या पोलिश लेखकाने आपल्या छावणीकथांत याहून कठोर मार्ग पत्करला : त्याचा निवेदक स्वतःच थोडी बरी जागा मिळालेला कैदी आहे, आणि त्या जागेची लाज वा समर्थन काहीही न करता तो सांगत जातो.

अंदमानच्या आत्मकथनांत हा करडा प्रदेश आहे काय? आहे, मात्र तो शोधावा लागतो. ‘माझी जन्मठेप’मध्ये वॉर्डर व पेटी ऑफिसर यांच्यासंबंधीची विधाने बहुशः समूहवाचक आहेत : पठाण असे, बलुची तसे. राजबंद्यांवर मुद्दाम परधर्मीय पहारेकरी नेमले जात, हे आत्मकथनकाराचे म्हणणे विचारात घ्यावयास हवे. तथापि समूहवाचक नाम हे इतिहासाच्या दृष्टीने सदोष साधन आहे. त्यामागे एकेक माणूस झाकला जातो. तो पेटी ऑफिसर कोणत्या गुन्ह्यासाठी आला होता, किती वर्षे त्याने स्वतः कोलू ओढला, सवलत गेली असती तर त्याचे काय झाले असते, हे आपणांस कळत नाही. याच पुस्तकाच्या उत्तरार्धात मात्र सावरकर स्वतःच तेलाच्या कोठाराचे ‘फोरमन’ झाल्याचे मोकळेपणाने सांगतात, आणि त्या जागेचा उपयोग इतर कैद्यांसाठी व आपल्या संघटनकार्यासाठी कसा केला तेही सांगतात. त्यांनी ती जागा टिंडालाच्या वृत्तीने चालविली असे कोणी म्हणणार नाही. परंतु दीर्घकाळ जगलेल्या बंद्यास व्यवस्थेच्या शिडीवरील कोणत्या तरी पायरीवर पाय ठेवावाच लागतो, एवढे यावरून स्पष्ट होते. त्यांच्या पूर्वी, १८६६ ते १८८३ या काळात अंदमानात असलेले महंमद जाफर थानेसरी यांचे उर्दू आत्मकथन उपलब्ध आहे. तेही तेथे मुनशीचे काम करीत होते. लिहिता येणे हीच तेथे एक पायरी होती.

५

यावरून व्याकरणाच्या एका प्रश्नाकडे येतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’त ऐकणारा येत नाही, ‘आपण’मध्ये येतो. इटालियन, इंग्रजी वा बंगाली लेखकास हा निवड करण्याचा प्रसंग येत नाही. मराठी लेखकास प्रत्येक वाक्यात येतो. बंदिवासाचे कथन स्वभावतः ‘आम्ही’चे आहे, कारण वाचक तेथे नव्हता. परंतु ‘आम्ही’त दुसरीही एक वजाबाकी दडलेली असते. आत्मकथनातील ‘आम्ही’ म्हणजे बहुधा ‘आम्ही राजबंदी’. त्या काळी अंदमानच्या वसाहतीत दहा हजारांहून अधिक कैदी होते. राजबंदी त्यांत मूठभर. खून, दरोडा, मारामारी अशा कारणांनी आलेले, निरक्षर, घरच्यांनी मेलेच म्हणून सोडून दिलेले असे जे बाकीचे, ते या पुस्तकांत ‘ते’ म्हणून येतात. त्यांत मराठी बोलणारेही होते. त्यांचे आत्मकथन नाही.

क्रियापदांचा काळही पाहण्याजोगा आहे. बंदिवासात एकच दिवस पुनःपुन्हा येतो, आणि ‘उठे, बसे, जाई, दळी’ असा रीतिभूतकाळ मराठीला जन्मतःच लाभला आहे. तोचतोपणा सांगावयास याहून योग्य रूप नाही. एखादी घटना घडली की निवेदन साध्या भूतकाळावर येते. संप, शिक्षा, मृत्यू असे प्रसंग साध्या भूतकाळात आणि उरलेली वर्षे रीतिभूतकाळात, अशी विभागणी होते. आणि वाचक स्वाभाविकपणे प्रसंगच लक्षात ठेवतो. लेव्हीने आपल्या १९४७ च्या पहिल्या पुस्तकात पुष्कळ ठिकाणी वर्तमानकाळ योजला, तो बहुधा याच अडचणीतून मार्ग काढण्यासाठी. अभ्यासकाने मात्र प्रसंगांमधील रिकाम्या वाटणाऱ्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे. दंडकाचे वजन, पाण्याचे माप, कोठडीचे दार केव्हा उघडे, या गोष्टी तेथेच सापडतात, आणि साक्षीदार तेथे सर्वांत कमी सजग, म्हणून सर्वांत अधिक विश्वसनीय असतो.

लेखन कोणत्या अवस्थेत झाले हेही विसरता कामा नये. सावरकर ६ जानेवारी १९२४ रोजी सुटले ते रत्नागिरी जिल्हा सोडावयाचा नाही आणि राजकारणात भाग घ्यावयाचा नाही या अटींवर. हे निर्बंध १९३७ पर्यंत होते. म्हणजे बंदिवासाचे हे कथन पूर्णतः मुक्त माणसाचे नाही. त्याच्या आधी, १९१३ मध्ये, त्यांनी सरकारकडे केलेला सुटकेचा अर्ज आज छापून उपलब्ध आहे; त्या वर्षी इतर काही राजबंद्यांनीही अर्ज केले होते. अर्जाची भाषा नम्र व तडजोडीची आहे, आत्मकथनाची भाषा तेजस्वी आहे. सार्वजनिक वादात एक पक्ष अर्ज दाखवितो, दुसरा आत्मकथन, आणि प्रत्येकास आपल्या हातातील कागदच खरा वाटतो. भाषाभ्यासकास यात नवल नाही. अर्ज हा अधिकाऱ्यास उद्देशून असतो, आत्मकथन देशबांधवांस; श्रोता बदलला की भाषेची पातळी बदलते. दोन्ही कागद अस्सल आहेत. दोहोंपैकी कोणताही माणसाच्या अंतःकरणाची प्रत नव्हे.

६

शेवटी जे परतले नाहीत त्यांच्याविषयी. इंदुभूषण रॉय या तरुण राजबंद्याने १९१२ च्या एप्रिलमध्ये कोठडीत गळफास घेतला. अधिकाऱ्यांनी त्याचे कारण कष्टांबाहेर शोधले. सहबंद्यांनी ते कष्टांत आणि अपमानात पाहिले. त्याच वर्षी उल्लासकर दत्तांस काम नाकारल्याबद्दल हातकड्यांत उभे टांगण्यात आले. ज्वराच्या भरात त्यांचे भान सुटले आणि पुढे त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. या दोन घटना सर्व आत्मकथनांवर सावली धरून आहेत. इंदुभूषणांविषयी आपणांस जे कळते ते इतरांच्या तोंडून. उल्लासकर परतले आणि त्यांनी लिहिले. परंतु त्यांच्या पुस्तकातील भ्रमाची प्रकरणे वाचताना वाचक अडखळतो, आणि तो भाग वगळून उरलेला ‘पुरावा’ म्हणून घेऊ पाहतो. माझ्या मते हे उलट आहे. बंदीशाळेने मनाचे काय केले याचा प्रत्यक्ष पुरावा असेल तर तो त्या प्रकरणांतच आहे. इतर तिघे वेडेपणाविषयी लिहितात, उल्लासकर त्याच्या आतून लिहितात.

लेव्हीने असे म्हटले आहे की आम्ही जे वाचलो ते खरे साक्षीदार नव्हत. ज्यांनी तळ पाहिला ते सांगावयास परत आले नाहीत. हे वाक्य लिहिणारा स्वतः चाळीस वर्षे साक्ष देत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा अर्थ नीट कळतो. साक्ष निरर्थक आहे असे त्याला म्हणावयाचे नाही. ती दुसऱ्याच्या जागी उभे राहून दिलेली साक्ष आहे, एवढे भान साक्षीदाराने व वाचकाने ठेवावे असे म्हणावयाचे आहे.

या भानास मराठीत एक शब्दही होता असे वाटते. जगणे, बचावणे या अर्थाचे ‘वांचणें’ आणि वाचन या अर्थाचे ‘वाचणें’ ही दोन निराळ्या व्युत्पत्तींची क्रियापदे. मोल्सवर्थच्या कोशात ती अनुस्वाराने वेगळी दाखविलेली आहेत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि दोन्ही शब्द लिहिताना एकच दिसू लागले. हा योगायोग आहे. त्यातून सिद्धांत काढू नये. विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावयाचे की ‘माझी जन्मठेप’ वाचताना उपेंद्रनाथ, बारींद्र आणि उल्लासकर शेजारी ठेवावेत, प्रत्येक पानावर ‘आम्ही’त कोण आहे आणि कोण नाही, याची नोंद करावी, आणि ‘टिंडाल’ हा शब्द आला की पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या माणसाने काही लिहिले नाही. त्याच्याविषयी लिहिले ते सारे त्याचा मार खाल्लेल्यांनी. तो मार खरा होता, आणि तो माणूसही कैदीच होता. या दोन विधानांपैकी एकही न सोडता ज्याला अंदमानचा इतिहास लिहिता येईल, त्याची वाट आपली ही साधने अद्याप पाहत आहेत.